तीन जिल्हे, चार रकाने, दीडशे शब्द

खालचे आकडे २०११ च्या जनगणनेतले आहेत.

| जिल्हा | लोकसंख्या | २००१ ते २०११ मधली वाढ, टक्के | दर हजार पुरुषांमागे स्त्रिया | साक्षरता, टक्के |
|---|---|---|---|---|
| जळगाव | ४२,२९,९१७ | १४.८६ | ९२५ | ७८.२ |
| धुळे | २०,५०,८६२ | २०.०८ | ९४६ | ७२.८ |
| नंदुरबार | १६,४८,२९५ | २५.६६ | ९७८ | ६४.४ |

आता यावर इंग्रजीत किमान दीडशे शब्द लिहायचे, वेळ साधारण वीस मिनिटं. परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलांना आयईएल्टीएस परीक्षेत हेच करावं लागतं. १९८९ पासून या नावाने चालणाऱ्या या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. लेखनाचा पेपर तासाभराचा. त्यातला दुसरा प्रश्न अडीचशे शब्दांच्या निबंधाचा असतो आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. पहिल्या प्रश्नात तक्ता, आलेख, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचं वर्णन मागतात. स्थलांतरासाठी बरेच जण याच परीक्षेचा ‘जनरल ट्रेनिंग’ हा प्रकार देतात. त्यात तक्त्याऐवजी पत्र लिहायचं असतं, त्यामुळे त्या मंडळींची या भानगडीतून सुटका होते.

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंग-फार्मसीच्या मुलांना धास्ती असते ती निबंधाची. तक्त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. आकडे तर समोर दिलेलेच आहेत, वाक्यात बसवले की झालं, असा सरळ हिशेब. मग निकाल लागतो, लेखनात साडेपाच बँड येतात आणि तक्रार सुरू होते: ‘सर, एकही आकडा सोडला नव्हता!’ तक्रार खरी असते, आणि घात नेमका तिथेच झालेला असतो.

अशा उत्तरात काय असतं ते पाहा. जळगावची लोकसंख्या ४२,२९,९१७ आहे. जळगावची वाढ १४.८६ टक्के आहे. जळगावात दर हजार पुरुषांमागे ९२५ स्त्रिया आहेत. मग हीच माळ धुळ्याची, मग नंदुरबारची. बारा आकडे, बारा वाक्यं, वर एक ‘फर्स्टली’ आणि शेवटी एक ‘लास्टली’. व्याकरणाची एकही चूक नसली तरी असं उत्तर वर चढत नाही. परीक्षकांच्या गुणदानाच्या कसोट्या जाहीर आहेत. पाचव्या बँडच्या वर्णनात म्हटलंय की तपशील यांत्रिकपणे सांगितलेला असतो आणि स्पष्ट गोषवारा नसतो. सहाव्यापासून गोषवारा हवाच, आणि सातव्याला तो ठसठशीत हवा. म्हणजे तक्ता पूर्ण वाचून ‘यात बातमी काय?’ या प्रश्नाचं उत्तर एक-दोन वाक्यांत देता आलं पाहिजे. बाकीचे शब्द त्या उत्तराला पुरावा म्हणून येतात.

ही सवय लागते कुठे? माझा संशय दहावीच्या इंग्रजीच्या पेपरवर आहे. आपल्या बोर्डाच्या लेखनकौशल्यात ‘इन्फर्मेशन ट्रान्स्फर’ नावाचा प्रश्न असतो. तक्ता किंवा आकृती देऊन परिच्छेद लिहायला सांगतात, नाहीतर परिच्छेद देऊन तक्ता करायला सांगतात. प्रश्न उत्तम आहे. पण वर्गात तो शिकवताना ‘एकही मुद्दा सुटता कामा नये’ यावर सगळा भर असतो, कारण तपासणारा मुद्दे मोजतो असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पंधराव्या वर्षी हाताला लागलेलं हे वळण बाविसाव्या वर्षी आयईएल्टीएसच्या पेपरात तसंच उतरतं. तिथे प्रश्नातच बजावलेलं असतं की ठळक बाबी निवडा आणि जिथे जमेल तिथे तुलना करा. ‘निवडा’ या शब्दावरून नजर घसरते.

खरं तर खान्देशातल्या माणसाला तक्ता वाचायला कुणी शिकवायची गरज नाही. बाजार समितीच्या भावाचा तक्ता इथे घरोघर वाचला जातो: शेतमाल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. कापूस किंवा मका घेऊन निघालेला शेतकरी तो वरपासून खालपर्यंत पाठ म्हणत बसत नाही. तो आधी सर्वसाधारण दर पाहतो, मग आवक, आणि जास्तीत जास्त दराकडे जरा संशयानेच बघतो, कारण तो एखाद्याच ढिगाला मिळालेला असतो. घरी फोन करून तो एकच वाक्य सांगतो: ‘आवक वाढली, भाव पडला.’ दोन रकान्यांची सांगड घालून निघालेलं हे वाक्य म्हणजे अस्सल गोषवारा. त्याचाच मुलगा परीक्षेला बसला की प्रत्येक दर वेगळ्या वाक्यात लिहीत सुटतो, हे मोठं कोडं आहे.

आपल्या तक्त्यात ‘आवक वाढली, भाव पडला’ कुठे आहे ते शोधू. ओळी बाजूला ठेवा आणि रकाने वरून खाली वाचा. लोकसंख्येत जळगाव पहिलं, नंदुरबार शेवटचं. वाढीच्या वेगात नंदुरबार पहिलं, जळगाव शेवटचं. स्त्रियांच्या प्रमाणात पुन्हा नंदुरबार वर आणि जळगाव तळाला. साक्षरतेत जळगाव वर, नंदुरबार तळाला. म्हणजे दोन रकाने एका क्रमाने उतरतात आणि दोन बरोबर उलट क्रमाने चढतात. धुळे चारही रकान्यांत मधोमध. धुळेकरांना हे ऐकायला आवडणार नाही, पण उत्तर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने धुळे ही सोय आहे: ‘चारही बाबतींत धुळे या दोघांच्या मध्ये राहिलं’ असं एकदा लिहिलं की चार वाक्यं वाचतात.

गोषवारा हाच. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत साक्षर जिल्ह्याची वाढ सर्वांत कमी होती आणि स्त्रियांचं प्रमाणही तिथेच सर्वांत कमी होतं. सर्वांत लहान जिल्ह्यात चित्र नेमकं उलटं होतं. यात एकही आकडा नाही, आणि तो असूही नये. आकडे पुढच्या परिच्छेदांत येतात. गोषवारा शेवटी लिहिला तरी नियमाला बाधा येत नाही, पण मी म्हणेन की प्रास्ताविकाच्या एका वाक्यानंतर लगेच लिहून मोकळं व्हावं. वेळ संपत आली की शेवटचं वाक्यच पहिल्यांदा गळतं.

आता आकड्यांकडे. पहिली अडचण स्वल्पविरामाची. ४२,२९,९१७ हा आकडा आपण लाखात वाचतो. इंग्रजीच्या जागतिक वापरात तो ४,२२९,९१७ असा लिहितात आणि चार मिलियनच्या घरात वाचतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. हे माहीत नसतं असं नाही, पण घाईत हात सवयीने चालतो आणि ४२ मिलियन लिहून बसतो. तसं झालं तर एकट्या जळगावात महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त माणसं भरतात. परीक्षेतल्या तक्त्यात आकडे बहुधा मिलियनमध्येच येतात, त्यामुळे तिथे रूपांतर करावं लागत नाही. धोका सरावाच्या वेळचा आहे. सरावात आपल्याच जिल्ह्याचे आकडे घ्यावेत असं माझं मत आहे, कारण आकड्यांमागचा मुलूख ओळखीचा असला की कोणता आकडा बोलतोय ते लवकर कळतं. पण घेतले तर स्वल्पविराम आधी हलवावेत.

दुसरी गोष्ट, शेवटच्या अंकापर्यंत आकडा लिहिण्याचा हट्ट. जळगावसाठी ‘सुमारे ४.२ मिलियन’, धुळ्यासाठी ‘दोन मिलियनपेक्षा थोडी जास्त’ पुरेसं आहे. त्यातून भाषा दाखवायलाही जागा मिळते. जळगावची लोकसंख्या नंदुरबारच्या अडीचपटीहून जास्त होती, धुळ्याच्या दुपटीहून किंचित जास्त होती, या वाक्यांत तुलना आपोआप येते. कोरा आकडा उतरवण्यात भाषेचं काही कसब दिसत नाही.

तिसरी अडचण टक्क्यांची, आणि ती इंग्रजीची नसून गणिताची आहे. साक्षरतेत जळगाव आणि नंदुरबार यांच्यात ७८.२ वजा ६४.४, म्हणजे १३.८ चा फरक आहे. ‘जळगावची साक्षरता १३.८ टक्क्यांनी जास्त’ असं आपण सहज बोलतो. काटेकोरपणे तो फरक १३.८ पर्सेंटेज पॉइंटचा आहे, ६४.४ च्या मानाने पाहिलं तर जळगावचा आकडा सुमारे २१ टक्क्यांनी जास्त भरतो. जो विद्यार्थी ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ हे दोन शब्द योग्य जागी वापरतो, त्याला आपण काय लिहितोय ते कळतंय अशी परीक्षकाची खात्री पटते.

याच जातीचा दुसरा घोळ ‘बाय’ आणि ‘टू’ यांचा. नंदुरबारची लोकसंख्या २५.६६ टक्क्यांनी वाढली, तिथे ‘इन्क्रीज्ड बाय’. ती १६ लाख ४८ हजारांवर गेली, तिथे ‘इन्क्रीज्ड टू’. एका शब्दाच्या चुकीने वाढ आणि मुक्काम यांची अदलाबदल होते, आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध दिसत असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही.

आणि रकान्याचं शीर्षक! ‘जळगावात ९२५ स्त्रिया होत्या’ असं लिहिणारे कमी नाहीत. आकडा उचलला, शीर्षक तिथेच राहिलं. ९२५ हे दर हजार पुरुषांमागचं प्रमाण आहे. ‘फॉर एव्हरी थाउजंड मेन’ हे शब्द किमान एकदा आलेच पाहिजेत. साक्षरतेचंही तसंच. जनगणनेत साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांत मोजतात. तक्त्याखाली तशी टीप दिलेली असेल तर ती वर्णनात यावी, नसेल तर आपण आपल्या पदरची घालू नये.

आता या तक्त्यातला खरा सापळा. वाढीचा वेग जळगावचा सर्वांत कमी, म्हणून ‘जळगावात सर्वांत कमी लोक वाढले’ असं वाक्य पेनातून सरकन उतरतं. २००१ चे आकडे शेजारी ठेवून बघा. तेव्हा जळगावची लोकसंख्या ३६,८२,६९० होती, धुळ्याची १७,०७,९४७ आणि नंदुरबारची १३,११,७०९. वजाबाकी केली तर दहा वर्षांत जळगावात ५,४७,२२७ माणसं वाढली, धुळ्यात ३,४२,९१५ आणि नंदुरबारात ३,३६,५८६. म्हणजे टक्क्यांत शेवटचं असलेलं जळगाव माणसांच्या संख्येत पहिलं आहे. मुळात जिल्हा मोठा असला की थोड्या टक्क्यांतही पुष्कळ माणसं येतात. तक्त्यात संख्या आणि टक्केवारी दोन्ही असल्या की असा एक तरी सांधा सापडतो. तो हेरून ‘वेग सर्वांत कमी असला तरी प्रत्यक्ष वाढ सर्वांत जास्त’ असं वाक्य लिहिणाऱ्याला ‘ऑल्दो’ने सुरू होणारं वाक्य रचायची आयती संधी मिळते, आणि तुलनेची मागणीही पुरी होते. असं एक वाक्य ‘हाउएव्हर’, ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’च्या रांगेपेक्षा कितीतरी वजनदार असतं. ही जोडाक्षरासारखी डकवलेली क्रियाविशेषणं क्लासेसमधून पाठ करून घेतात. माझ्या मते त्यांनी जितकी उत्तरं बिघडली तितकी सुधारली नाहीत.

काळाचं एक सांगायचं राहिलं. २०११ साल सरलं, म्हणून वर्णन भूतकाळात. मराठीत आपण ‘२०११ मध्ये जळगावची लोकसंख्या ४२ लाख आहे’ असं बोलताना अडखळत नाही, आणि तोच ‘इज’ इंग्रजीत घुसतो. तक्त्यावर वर्ष लिहिलेलं असेल तर पहिल्या वाक्यात ‘वॉज’ घालावं आणि शेवटपर्यंत ते सोडू नये.

मांडणीबद्दल फार घोळ घालण्यात अर्थ नाही. एका वाक्यात तक्ता कशाचा ते सांगा, पण प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उतरवू नका, कारण उचललेल्या शब्दांना श्रेय मिळत नाही. मग गोषवारा. मग एका परिच्छेदात लोकसंख्या आणि वाढ, कारण ते दोन रकाने एकमेकांशी बोलतात. दुसऱ्यात स्त्रियांचं प्रमाण आणि साक्षरता, कारण त्यांचा क्रम एकमेकांच्या विरुद्ध आहे. जिल्ह्याला एक परिच्छेद अशी वाटणी केली की तुलना मरते आणि पुन्हा बारा वाक्यांची माळ सुरू होते. समारोपाची गरज नाही. ‘अशा प्रकारे आपल्याला दिसून येते की’ हे निबंधाचं शेपूट इथे जोडलं तर वीस मिनिटांतली दोन फुकट जातात.

आणि आता सर्वांत अवघड पथ्य: कारण सांगायचं नाही. तक्ता ‘काय’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. जे तक्त्यात नाही ते उत्तरातही येऊ नये. परक्या देशातल्या घरखर्चाच्या तक्त्यावर हे पथ्य पाळणं सोपं असतं. आपल्या जिल्ह्याच्या तक्त्यावर हात शिवशिवतात. जळगावात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या; त्या वेळी राज्याचा आकडा ८९४ होता. जळगावकराला हा आकडा दिसला की गर्भलिंगनिदान, हुंडा, कायदा, सारं एकदम डोक्यात येतं. यायलाच हवं. पण वर्णनात लिहायचं ते इतकंच, की दहा वर्षांत हे प्रमाण ३८ ने घटलं आणि राज्याच्या आकड्यापेक्षा ५२ ने कमी होतं. कारणमीमांसेची जागा दुसऱ्या प्रश्नातल्या निबंधात आहे, विषय तसा आला तर.

हे पथ्य मला पूर्वी कोरडं वाटायचं. आता त्यात शहाणपण दिसतं, कारण आपला मूळ तक्ताच एका चुकीच्या निष्कर्षाकडे ढकलतो. साक्षरता जास्त तिथे स्त्रिया कमी, साक्षरता कमी तिथे स्त्रिया जास्त. तीन ओळींत हे इतकं चपखल बसतं की ‘शिक्षणामुळे मुली घटतात’ असं कुणी लिहून मोकळा होईल. पण नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. तिथली समाजरचना, लग्नाच्या चालीरीती, जमीनधारणा, दवाखान्यांचं अंतर, सगळंच जळगावच्या केळीपट्ट्यापेक्षा वेगळं. तीन जिल्ह्यांचा योगायोगी क्रम म्हणजे कार्यकारणभाव होत नाही. वर्णनकाराने क्रम उलटा आहे एवढं नोंदवावं आणि थांबावं. वर्तमानपत्रांचे मथळे लिहिणाऱ्यांनीही हे पथ्य पाळलं तर बरं होईल.

‘जास्त’, ‘चांगलं’, ‘समाधानकारक’ ही विशेषणंही याच पथ्यात मोडतात. जळगावची साक्षरता तिघांत सर्वांत जास्त होती, हे तक्ता सांगतो. ती चांगली होती हे तो सांगत नाही. २०११ मध्ये राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती, म्हणजे खान्देशातला पहिला नंबरही राज्याच्या सरासरीखालीच होता. राज्याची ओळ तक्त्यात असती तर गोषवारा बदलला असता.

तक्ता लिहिणाऱ्याने चौकट बदलली का, हेही बघावं लागतं, आणि याचं उदाहरण धुळ्याइतकं चांगलं दुसरं मिळणार नाही. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि सगळे तक्ते त्या एका जिल्ह्याचे होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं. आता १९९१ च्या जनगणनेतली धुळ्याची ओळ काढा: लोकसंख्या २५ लाखांहून जास्त. २००१ ची काढा: १७ लाख. दोन्ही आकडे खरे, अधिकृत, छापील. शेजारी ठेवले की दहा वर्षांत धुळ्याने आठ लाख माणसं गमावली असं दिसतं. प्रत्यक्षात आजच्या सीमांमधल्या धुळ्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १४ लाख ७३ हजारांच्या आसपास होती, म्हणजे त्या दशकात ती सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. जनगणना विभाग असे सीमा जुळवून घेतलेले आकडे देतो, आणि तसं केल्याचं तळटिपेत लिहितो.

परीक्षेत असा तक्ता आला आणि खाली तळटीप असली, तर ती तक्त्याचाच भाग समजून गोषवाऱ्यात आणावी: आकडा घटला, मात्र मधल्या काळात जिल्ह्याची सीमा बदलली. तळटीप नसली तर ‘२५ लाखांवरून १७ लाखांवर आली आणि नंतर २० लाखांपुढे गेली’ एवढंच लिहून पुढच्या ओळीकडे वळावं. नंदुरबार कितीही आठवलं तरी त्याला त्या पेपरात जागा नाही.